पहिली जुनी जावा किंवा येझदी घेताना आणि दुरुस्त करून उभी करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी जावा-येझदी मोटरसायकल घ्यायची असं मनात आलं की माणूस ओळखीच्या दहा जणांना तेच प्रश्न विचारतो. गेल्या काही वर्षांत त्यातले बरेच माझ्यापर्यंत आले. जे वारंवार येतात ते इथे एकत्र केले आहेत. माझ्याकडे १९६९ ची जावा आणि १९७६ ची येझदी आहे. दोन्ही माझ्या हाताखालून गेल्या आहेत, त्यामुळे उत्तरं बहुतेक त्या अनुभवातून आली आहेत.

१. जावा आणि येझदी या वेगळ्या गाड्या आहेत की एकच?

घराणं एकच. जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. यानेचेक (Janeček) या उद्योजकाने वाँडरर (Wanderer) कंपनीचं मोटरसायकलचं काम घेतलं आणि १९२९ मध्ये दोन्ही नावांची पहिली अक्षरं (Ja आणि Wa) जोडून ‘जावा’ हे नाव केलं. आपल्याकडे रुस्तम आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरला आयडियल जावा कंपनी काढली आणि १९६१ पासून तिथे गाड्या बनू लागल्या. १९७३ पासून त्याच कारखान्यातून ‘येझदी’ नावाने गाड्या निघाल्या. कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. इंजिनाची मूळ रचना शेवटपर्यंत तीच राहिली: २५० सीसी वर्गातलं टू-स्ट्रोक, एकच सिलिंडर आणि त्याला दोन सायलेन्सर.

२. पहिलीच जुनी गाडी आहे. कुठलं मॉडेल घेऊ?

साठच्या दशकातली जावा दिसायला सगळ्यांत देखणी. पण तिचे बारीकसारीक मूळ भाग मिळवताना जीव मेटाकुटीला येतो आणि भावही चढा असतो. पहिल्या गाडीला मी सत्तरच्या दशकातली साधी येझदी किंवा १९७८ नंतरची रोडकिंग सुचवतो. भाग मिळतात, हात बसलेले मेकॅनिक अजून आहेत आणि चुकलं तर निस्तरता येतं.

बुलेटशी तुलना बरेच जण करतात. जुन्या बुलेटला ब्रिटिश आटे आहेत, त्यामुळे पाने वेगळे लागतात. जावा-येझदी पूर्ण मेट्रिक आहे. घरातल्या पान्यांच्या सेटवर बरीचशी गाडी खोलता येते. घरी काम शिकणाऱ्यासाठी हा फायदा लहान नाही.

३. गाडी शोधायची कुठे?

ऑनलाइन जाहिरातींपेक्षा मी तोंडी शोधावर जास्त विसंबतो. तालुक्याच्या गावातले जुने मेकॅनिक, साखर कारखान्यांचे निवृत्त कर्मचारी, शाळेतले निवृत्त शिक्षक यांच्या पडवीत आजही गाड्या उभ्या आहेत. कोल्हापूर, सांगली, बेळगाव हा पट्टा तर यासाठी चांगलाच. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिवस असतो. त्या दिवशी आपल्या शहरातल्या मेळाव्याला नुसतं जाऊन उभं राहा. कोणाची गाडी निघायची आहे ते तिथे आपोआप कानावर येतं.

४. कागदांत नेमकं काय बघायचं?

गाडीच्या आधी कागद बघा. गंज निघतो, पण कागद नसलेल्या गाडीचं काही करता येत नाही.

पहिली गोष्ट, मूळ आरसी बुक हातात आहे का. जुनी पुस्तकं वहीसारखी असतात आणि त्यात मालकांच्या नोंदी एकाखाली एक असतात. शेवटचं नाव आणि समोर बसलेला विकणारा एकच आहेत ना? बऱ्याचदा गाडी तीन हात फिरलेली असते आणि बुकात पहिल्याच मालकाचं नाव असतं. तसं असेल तर नोंदीतल्या मालकाची सही किंवा वारसाची कागदपत्रं लागतात (प्रश्न १५).

दुसरी, नोंदणीची मुदत. खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून, गाडी आरटीओत दाखवून नूतनीकरण करावं लागतं. मुदत संपून वीस वर्षं झाली असली तरी गाडी बाद होत नाही, पण उशिराचा दंड आणि पर्यावरण कर बसतो. हे आकडे बदलत राहतात, म्हणून सौदा करण्याआधी आरटीओत विचारून तेवढी रक्कम भावातून वजा करा.

तिसरी, नंबर ‘वाहन’ संगणकप्रणालीत चढला आहे का. १९८९ पूर्वीचे तीन अक्षरी नंबर कित्येकदा फक्त जुन्या रजिस्टरात असतात. मग बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते. काम होतं, पण खेपा पडतात. ती एन्ट्री झाल्याशिवाय नावावर करणं, विमा आणि नवी सुरक्षा नंबरप्लेट सगळंच अडतं.

हे सगळं नीट असेल तर मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊनच पैसे द्या. ‘सह्या नंतर पाठवतो’ यावर विश्वास ठेवून दोन वर्षं अडकलेली माणसं मी पाहिली आहेत.

५. चासी नंबर खरा आहे हे कसं ओळखू?

मान (हँडल बसतं ती नळी) आणि चासी (गाडीचा सांगाडा) जुळते तिथला रंग थिनरने पुसा. पांढरा कागद नंबरावर ठेवून शिसपेन्सिलीने हलकं घासा. आकडे उमटतात, आरटीओतही ठसा असाच घेतात. आकड्यांची उंची आणि ओळ एकसारखी हवी. एखादा आकडा खोल, शेजारचा उथळ, किंवा आजूबाजूचा पत्रा ग्राइंडरने सपाट केल्यासारखा दिसला तर चहा घ्या आणि परत या. इंजिनाचा नंबरही तसाच तपासा आणि दोन्ही बुकाशी ताडून पाहा. इंजिन वेगळं निघालं तर प्रश्न १८ वाचा.

६. गाडी बघायला गेलो की काय काय तपासू?

बंद गाडी असेल तर किक हाताने दाबून बघा. पिस्टन हलतोय का, एवढंच. चालू गाडी असेल तर ती तुम्ही पोचण्याआधी तापवून ठेवलेली नाही ना हे सिलिंडरला हात लावून बघा. थंड गाडी तुमच्यासमोर सुरू व्हायला हवी.

मग तीन जागा. टाकीचं झाकण काढून आत टॉर्च मारा; तळाला गंजाचे पापुद्रे असतील तर काम वाढलं. चेन झाकणारं पत्र्याचं पूर्ण कव्हर जाग्यावर आहे का. लोक ते काढून फेकतात आणि मग मूळ कव्हर शोधत फिरावं लागतं. आणि साइड कव्हर, हेडलाइटची रिंग, मीटर, टाकीवरचे बिल्ले. इंजिनाचे भाग मिळतात, पण हे असले दर्शनी भाग मिळत नाहीत. म्हणून इंजिन बिघडलेली पण अंगावर सगळं असलेली गाडी मी फर्स्ट क्लास चालणाऱ्या बोडक्या गाडीपेक्षा केव्हाही आधी घेईन.

७. एकूण खर्च किती धरू?

जेवढ्याला गाडी घ्याल, साधारण तेवढेच पैसे उभारणीसाठी बाजूला ठेवा. क्रोमचं पूर्ण काम करायचं असेल तर त्याहून जास्त. सगळे पैसे गाडीतच घातले की ती वर्षानुवर्षं पोत्यात बांधून पडते.

८. गाडी घरी आली. लगेच सगळी खोलू का?

कृपा करून नको. आधी चालती करा. पॉइंट (प्लगची ठिणगी पाडणारे संपर्क) साफ करा, फट ०.४ मिलिमीटर ठेवा, कार्बोरेटर धुवा, टाकी स्वच्छ करा, ब्रेक बघा आणि गल्लीत चालवा. पंधरा दिवस चालवली की गाडीचं खरं दुखणं कळतं. पहिल्याच रविवारी खोलून डब्यात भरलेल्या गाड्या दहा वर्षांनी डब्यातच विकल्या जातात.

खोलायची वेळ आलीच तर प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो घ्या. वायसर कुठल्या बाजूला होता तेही दिसलं पाहिजे. नट-बोल्ट प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून आत कागदाची चिठ्ठी टाका. पिशवीवर मार्करने लिहिलेलं ऑइल लागलं की पुसलं जातं.

९. पिस्टन जाम आहे. हातोडीने ठोकून सुटेल का?

ठोकू नका, पिस्टन फुटेल किंवा कनेक्टिंग रॉड वाकेल. प्लग काढून आत डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं ओता आणि आठवडाभर ठेवा. रोज थोडं भरा. मग गाडी वरच्या गिअरात टाकून मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवा. माझी जावा नवव्या दिवशी सुटली. आधी केसभर हलली, मग ‘कट’ असा आवाज आला आणि चाक फिरलं. सुटली तरी हेड आणि सिलिंडर काढून भिंत बघाच. गंजाचे खड्डे असतील तर बोअर करावं, म्हणजे सिलिंडर आतून थोडं मोठं कापून घ्यावं लागेल.

१०. इंजिन उघडलं तर काय काय बदलणं भागच आहे?

क्रँकची (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणाऱ्या दांड्याची) ऑइल सीलं. ती चांगली दिसली तरी बदला. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकची खोली हवाबंद असावी लागते, कारण पेट्रोल-हवेचं मिश्रण तिथूनच वर सिलिंडरात जातं. क्लचच्या बाजूचं सील गेलं की इंजिन गिअर ऑइल ओढून जाळतं, पांढरा दाट धूर येतो आणि प्लग ओला राहतो. डायनामोच्या बाजूचं गेलं की जास्तीची हवा शिरते, रेस आपोआप वर राहते, इंजिन तापतं आणि शेवटी पिस्टन धरतो, म्हणजे जाम होतो. लोक या दोन्हींसाठी महिनोन् महिने कार्बोरेटर पिळत बसतात.

मीही बसलो होतो. येझदी कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या फिटरकडे नेली. त्यांनी कार्बोरेटरकडे बघितलंसुद्धा नाही. गिअर ऑइलचा नट ढिला केला, दोन थेंब बोटावर घेऊन चोळले आणि बोट माझ्या नाकासमोर धरलं. “वास घ्या की. पेट्रोल हाय का न्हाई?” होतं. सीलमधून मिश्रण गिअर बॉक्समध्ये उतरत होतं. तेव्हापासून कुठलीही येझदी बघायला गेलो की मी आधी तो वास घेतो.

सीलांबरोबर मेन बेअरिंग आणि सगळी पॅकिंगं बदला. कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून बघा. खाली खेळ लागत असेल तर रॉड किट घाला. क्रँक प्रेसवर उघडून परत सरळ बसवणं हे हौशी माणसाचं काम नाही, डायल लावून तपासणाऱ्या लेथवाल्याकडेच द्या. बोअर करताना पिस्टन आधी विकत घ्या आणि लेथवाल्याला त्या पिस्टनच्या मापाने बोअर करायला सांगा. मूळ बोअर ६५ मिलिमीटरचा, मोठे पिस्टन पाव-पाव मिलिमीटरने चढत जातात. बसवताना पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे ठेवा. पिनेच्या दोन्ही लॉक रिंगा नव्याच घाला. एक जुनी रिंग निसटली तर नवं बोअर खरवडून निघतं.

११. पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं? आणि आताचं इथेनॉलवालं पेट्रोल चालतं का?

लिटरला ४० मिली टू-टी (टू-स्ट्रोकसाठीचं) ऑइल, म्हणजे १:२५, हे जुनं प्रमाण. आताची ऑइलं चांगली आहेत, म्हणून बरेच जण ३० मिलीवर येतात. नव्याने बांधलेल्या इंजिनाला मी ४० च घालतो. ऑइल आधी टाकीत, मग पेट्रोल, म्हणजे नीट मिसळतं.

घाट उतरताना एक लक्षात ठेवा. थ्रॉटल पूर्ण बंद करून गिअरवर लांब उतरलात तर पेट्रोल जात नाही आणि त्याबरोबर ऑइलही जात नाही. आंबा घाटासारख्या उतारावर मधूनमधून थ्रॉटल थोडा उघडा किंवा क्लच दाबा.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. गाडी त्यावर चालते. पण जुने रबरी पाइप फुगतात आणि पेट्रोल कॉकचं बुचाचं वायसर खराब होतं, म्हणून ते आजच्या पेट्रोलला टिकणारे घाला. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं. टाकीत दोन-दोन महिने पेट्रोल ठेवायची सवय सोडा (प्रश्न २०).

१२. क्लच न दाबताच गिअर पडतो आणि किकचा लिव्हर सापडत नाही. गाडी बिघडली आहे का?

नाही, ही गाडीची खासियत आहे. किक आणि गिअरचा लिव्हर एकच. तो आत दाबून वर फिरवला की किक होते, मारून झाली की परत खाली आणून गिअरसाठी वापरायचा. गिअर टाकताना हाच लिव्हर आतून क्लचही उघडतो. गिअर पडताना धक्का बसत असेल तर क्लचची ॲडजस्टमेंट बघा. गाडी उभी असताना आणि निघताना मात्र हाताचा क्लच दाबायचाच.

१३. सहा व्होल्टचा दिवा मिणमिणतो. बारा व्होल्ट करून टाकू?

आधी जुनं वायरिंग बदला आणि अर्थिंगच्या जागा पत्रा चमकेपर्यंत घासा. बहुतेक वेळा दिवा तेवढ्यानेच सुधारतो. डायनामोचे कार्बन ब्रश बघा. रात्री हायवेला रोज चालवणार असाल तर बारा व्होल्ट करा, त्यात गैर काही नाही. पण काढलेला डायनामो आणि रेग्युलेटर कापडात गुंडाळून कपाटात ठेवा. विकून टाकू नका.

१४. रंग आणि क्रोम पूर्ण नवीन करू का?

इथे माझं मत ठाम आहे. मूळ रंग सत्तर टक्के शिल्लक असेल तर त्याला हात लावू नका. मेणाने पुसा, गंजाची वाढ थांबवा, बस्स. म्हैसूरच्या कारखान्यात हाताने ओढलेली सोनेरी रेघ एकदा गेली की गेली.

रंग द्यायचाच असेल तर जुना थर पूर्ण उतरवा आणि लांबी (पुट्टी) कमीत कमी भरा. पेंटरला रंगाचं नाव सांगू नका. सीटखालचा किंवा टाकीच्या पोटातला, ऊन न लागलेला तुकडा दाखवा. जावाचा तो मरून प्रत्येकाच्या आठवणीत वेगळा असतो.

क्रोमच्या कामात धोका पॉलिशच्या चाकाचा. माझ्या जावाची टाकी ज्याच्याकडे दिली त्याने खड्डे घालवण्यासाठी ती चाकावर इतकी दाबून धरली की खालच्या कडेचा पत्रा कागदासारखा झाला. टाकी आरशासारखी होऊन घरी आली. पेट्रोल भरलं आणि संध्याकाळी त्या कडेला ओल दिसली, सुईच्या टोकाएवढी. ती झाळून घेतली, क्रोम परत गेलं, पैसे दुप्पट लागले. तेव्हा टाकी देताना स्पष्ट सांगा: दोन-चार खड्डे राहिले तरी चालतील, पत्रा घासू नका. नट-बोल्टना चकचकीत क्रोम नको, झिंक करा. मूळ गाडीचे नट-बोल्ट कधीच आरशासारखे नव्हते.

१५. मूळ मालक वारले आहेत. गाडी नावावर होईल का?

होईल, पण टप्प्याने. आधी वारसाच्या नावावर फॉर्म ३१ ने, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांच्या संमतीसह. मग वारसाकडून तुमच्या नावावर. बुक हरवलं असेल तर पोलिसांत नोंद करून फॉर्म २६ ने दुय्यम प्रत काढावी लागते, आणि तो अर्जही मालकाने किंवा वारसानेच करायचा. हे काम विकणाऱ्याच्या गळ्यात घाला. घरच्यांचं मन वळवायला गेलात तर एकट्याने जाऊ नका, बरोबर कोणी वडीलधारं न्या. वडिलांची गाडी देताना घरातली माणसं हळवी झालेली असतात.

बुकावर जुन्या बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा दिसला तर घाबरू नका. कर्ज केव्हाच फिटलेलं असतं, फक्त नोंद उतरवलेली नसते. बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. बँक दुसरीत विलीन झाली असेल तर नव्या बँकेकडून पत्र घ्या.

१६. गाडी कर्नाटकची आहे. घेऊ का?

घ्यायला हरकत नाही, चांगल्या गाड्या तिकडेच जास्त आहेत. मात्र तिथल्या आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. इकडे आणल्यावर कर भरून नवीन एमएच नंबर घ्यावा लागतो आणि जुना नंबर जातो. जुन्या नंबरासाठीच गाडी घेत असाल तर हा विचार आधी करा.

१७. व्हिंटेज नोंदणी करावी का?

जुलै २०२१ मध्ये केंद्राने यासाठी वेगळे नियम केले. गाडी पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली आणि खासगी वापराची हवी. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. नव्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. आधीपासून नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो.

पण अशी गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशाच कारणांसाठी काढता येते. ज्याला रविवारी मिसळ खायला गाडी न्यायची आहे त्याने नेहमीची नोंदणीच नूतनीकरण करत राहावी. माझ्या जावाला पन्नास केव्हाच झाली, तरी मी तेच करतो.

१८. इंजिन दुसऱ्या गाडीचं आहे, किंवा दोन गाड्यांची एक केली आहे. चालेल?

बुकातला नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळत नसेल तर बदलाची नोंद आरटीओत असायला हवी. त्या दुसऱ्या इंजिनाचाही कागद लागतो. कागद नसेल तर गाडी भागांसाठीच्या भावात घ्या किंवा सोडा. नंबर खोडून नवा ठोकून देणारे भेटतील. तो गुन्हा आहे.

१९. २०१८ नंतरच्या नव्या जावाचे भाग बसतात का?

नाही. ती इंजिनं फोर-स्ट्रोक आणि पाण्याने थंड होणारी आहेत. नावाशिवाय दोघींत काही सामाईक नाही. जुने भाग पुण्यात नाना पेठेत आणि जुन्या बाजारात, मुंबईत कुर्ल्याला चौकशी करून मिळतात. जुना नमुना खिशात घेऊनच जा आणि शेजारी ठेवून माप बघा.

पीयूसीबद्दलही याच ओघात विचारतात. तीही लागते. मार्च २००० पूर्वीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि टू-स्ट्रोकला हायड्रोकार्बन ९,००० पीपीएम अशी मर्यादा आहे. सीलं ठीक असलेली, कार्बोरेटरचं जेटिंग (पेट्रोल-हवेचं प्रमाण) नीट असलेली येझदी यात बसते. केंद्रावर जाण्याआधी दहा किलोमीटर चालवून इंजिन तापवून न्या.

२०. पावसाळ्यात चार महिने गाडी उभी राहते. कशी ठेवू?

कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. टाकी पूर्ण रिकामी करा आणि आतून टू-टी ऑइल फिरवून घ्या. प्लग काढून दोन चमचे ऑइल आत सोडा, किक हळूच दोनदा फिरवा, प्लग परत लावा. सायलेन्सरची तोंडं चिंधीने बंद करा आणि हँडलला चिठ्ठी बांधा, नाहीतर ऑक्टोबरमध्ये चिंधी तशीच ठेवून किक मारत बसाल. बॅटरी घरात न्या. प्लास्टिकचं कव्हर नको, आत घाम धरतो, जुनी सुती चादर टाका. कोकणात असाल तर दर पंधरा दिवसांनी चादर काढून, उघडीप बघून तासभर वारा लागू द्या.